वर्षाचा जमाखर्च आणि मागील बाकी

आमच्या लोकांस वर्षारंभांची वाण कधींच नव्हती. चैत्र शुद्ध प्रतिपदेस शालिवाहनाचा शक बदलतो, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस व्यापाऱ्याची वही बदलते, १ एप्रिलला सरकारचें आर्थिक वर्ष लागतें, जूनमध्यें शाळांचें लागतें, आणि १ जानेवारीस सर्व जगाबरोबर भिंतीवरील दिनदर्शिका बदलते. नव्यानें आरंभ करण्याची संधि ज्यांस वर्षांतून इतक्या वेळां मिळते, त्यांचें आयुष्य उत्तरोत्तर अधिक सुव्यवस्थित होत जावें, अशी कोणाचीहि अपेक्षा असेल. अनुभव मात्र उलट आहे. पाडव्यास केलेला निश्चय अक्षय्य तृतीयेपर्यंत टिकत नाहीं, आणि १ जानेवारीचा निश्चय संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर संपतो. पहांटे उठण्याचे, व्यायामाचे, वाचनाचे व काटकसरीचे तेच ते निश्चय दरवर्षीं नव्या शाईनें लिहिले जातात. याचें खापर मनुष्याच्या दुर्बल इच्छाशक्तीवर फोडण्याची रीत आहे. आमच्या मतें दोष इच्छाशक्तीचा थोडा व पद्धतीचा अधिक आहे. तो दोष कोणता, हेंच आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

साधा किराणा दुकानदार घ्या. नवी वही उघडतांना तो कोऱ्या पानाकडे पाहून हुरळून जात नाहीं. जुन्या वहींतील येणें किती, देणें किती, माल किती पडून आहे, हें काढून तो मागील बाकी नव्या पानावर ओढतो; त्यानंतर नव्या वर्षाची खरेदी. सुशिक्षित गृहस्थ मात्र स्वतःच्या आयुष्याच्या बाबतींत मागील पान न वाचतांच नवें लिहावयास बसतो. गेल्या वर्षीं आपला वेळ कोठें गेला हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें येत्या वर्षीं तो कोठें लावावा हें ठरविणें, म्हणजे शिल्लक न पाहतां हुंडी लिहून देण्यासारखें आहे. ती न वटतां परत आली तर त्यांत नवल कसलें?

म्हणून प्रथम हिशेब, मग संकल्प. हा हिशेब पैशांचा नव्हे. तो ठेवणारे पुष्कळ आहेत. हा हिशेब तासांचा. वर्षाचे तास ८,७६०. मुंबईंत नोकरी करणाऱ्या मध्यम स्थितींतील एका गृहस्थाचें उदाहरण कल्पूं. रोज आठ तास झोप धरली तर २,९२० तास गेले. वर्षांतील २९० दिवस कामाचे, आणि आगगाडीच्या प्रवासाचे दोन तास धरून दिवसाचे दहा तास, म्हणजे २,९०० तास. स्नान, भोजन इत्यादि देहधर्मांस रोज तीन तास, म्हणजे १,०९५ तास. एकंदर खर्च ६,९१५ तासांचा झाला आणि शिल्लक राहिली १,८४५ तासांची, म्हणजे सरासरीनें दिवसाचे पांच तास. 'काय करावें, वेळच मिळत नाहीं' असें म्हणणाऱ्या गृहस्थानें ही बेरीज एकदां स्वतः करून पाहावी. पन्नास बरीं पुस्तकें वाचावयाचीं म्हटलीं आणि प्रत्येकास दहा तास लागले, तरी पांचशें तास खर्चून तेराशेंहून अधिक उरतात. हे तास चोरीस गेले नाहींत. ते हातांतील मोबाइलवर, दूरचित्रवाणीपुढें आणि निरर्थक गप्पांत मुठी मुठीनें सांडले. सांडलेलें दिसत नाहीं, कारण तें कोणी मोजलें नाहीं.

येथपर्यंतचा हिशेब बहुतेकांस पटेल, आणि बहुतेक जण येथेंच थांबतील. परंतु ही वहीची एकच बाजू झाली. दुसऱ्या बाजूस काय आहे तें पाहिल्याखेरीज शिल्लक खरी कीं खोटी हें कळावयाचें नाहीं.

वरील गृहस्थाच्या हिशेबांत भोजनाचा वेळ आहे, स्वयंपाकाचा नाहीं. स्वच्छ कपडे अंगावर चढविण्याचा आहे, ते धुण्याचा नाहीं. मुलांशीं बोलण्यास त्याचे पांच तास मोकळे आहेत, परंतु मूल तापानें फणफणलें असतां उशाशीं बसून काढलेली रात्र त्यांत कोठेंच नाहीं. हे तास कोणाचे तरी खर्च झालेच असले पाहिजेत. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं, लोकांचा दिवस कसा जातो, याची देशभर पाहणी केली. सहा वर्षें व त्यांवरील वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ८१ स्त्रिया घरचें बिनमोबदला काम करीत असल्याचें तींत आढळलें. पुरुषांपैकीं शेंकडा २६. हें काम करणाऱ्या स्त्रीचीं त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटें जात, आणि करणाऱ्या पुरुषाचीं ९७. पुढें २०२४ सालीं तीच पाहणी पुन्हां झाली. तेव्हां स्त्रियांचा आकडा २८९ वर आला होता. पांच वर्षांत दहा मिनिटें! तेवढा भार पुरुषांनीं उचलला असेल म्हणावें, तर त्यांचाहि आकडा ९७ वरून ८८ वर उतरला होता.

आतां हा आकडा आमच्या गृहस्थाच्या वहीशेजारीं मांडूं. रोजचीं २८९ मिनिटें म्हणजे वर्षाचे सुमारे १,७५८ तास. त्याची पत्नी त्याच्याइतकीच नोकरी करीत असेल, आणि वर सरासरीइतकें घरकाम तिच्या वांट्यास येत असेल, तर १,८४५ तासांतून तिच्या हातीं वर्षाकाठीं अवघे ८७ तास उरतात. नोकरी करणारी स्त्री सरासरीहून कमी घरकाम करीत असेल, हें आम्ही मान्य करतों. निम्मेंच धरा, तरी तिची शिल्लक पतीच्या शिलकीच्या निम्म्याहून किंचितच अधिक भरते. तात्पर्य, ज्या पांच तासांत हा गृहस्थ ग्रंथवाचन, समाजसेवा व आत्मोन्नति यांचे बेत करतो, ते सर्वस्वीं त्याचे नाहींत. त्यांतील कांहीं भाग उसना आहे. आणि उसने तास जमेकडे लिहून फुगविलेली शिल्लक ही व्यापाऱ्याच्या भाषेंत खोटी शिल्लक होय.

यावर कोणी म्हणेल कीं, संसार हा प्रेमाचा व्यवहार आहे. त्यांत मिनिटें मोजणें म्हणजे घराची पेढी करणें होय. आक्षेप ऐकावयास गोड आहे. परंतु ज्या प्रेमांत त्याग नेहमीं एकाच बाजूनें होतो आणि त्याची स्तुति नेहमीं दुसऱ्या बाजूनें होते, त्या प्रेमास थोड्या गणिताची अत्यंत आवश्यकता आहे. घरांतील स्त्रीस वर्षाचे कांहीं तास तिचे म्हणून मिळाले तर काय होतें, याचा दाखला आमच्याच इतिहासांत आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं आपल्या पत्नीस स्वतः शिकविलें. घरांतील वडीलधाऱ्या बायकांस तें रुचलें नाहीं, आणि त्यांचीं बोलणीं रमाबाईंस मुकाट्यानें सोसावीं लागलीं. परंतु ते अभ्यासाचे तास व्यर्थ गेले काय? १९०१ सालीं न्यायमूर्ति निवर्तले; १९०९ सालीं त्याच रमाबाईंनीं पुण्यास सेवासदन उभें केलें आणि असंख्य स्त्रियांस विद्येचा व स्वावलंबनाचा मार्ग मोकळा करून दिला. एका घरांत एका स्त्रीस दिलेल्या तासांची फेड समाजास किती व्याजानें झाली, हें मोजणें कठीण आहे.

दुसरें देणें घराबाहेरचें आहे. वर्षाचा आढावा घेण्यास आपण बहुधा रविवारची निवांत सकाळ निवडतों. हा रविवार आमच्या कामगारांस आयता मिळालेला नाहीं. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांस आठवड्याची ठराविक सुट्टी नसे. महात्मा फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची संघटना उभारून ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तींत दोन कामगार स्त्रियाहि बोलल्या. आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे निवांतपणें आत्मपरीक्षण करण्याची जी सवड आज आपणांस आहे, तीहि दुसऱ्यांच्या झगड्यानें मिळालेली आहे.

आणि ती सवड अजूनहि सर्वांस नाहीं. विदर्भ-मराठवाड्यांतील सालगड्याचें साल पाडव्यास ठरतें, म्हणजे ज्या दिवशीं आपण नव्या वर्षाचे बेत करतों, त्याच दिवशीं तो आपलें वर्ष मालकास देऊन टाकतो. बीडकडील ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो. मग नवराबायकोचा मिळून एक 'कोयता' गणला जातो, आणि हंगामाचे महिने उचल फेडण्यांत जातात. फार दूर कशाला? शहरांतील घराघरांत भांडीधुणें करणाऱ्या बाईचें काय? महाराष्ट्रांत २००८ सालीं घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरी तिला आठवड्याची हक्काची सुट्टी मिळणें बहुतेक घरांत मालकिणीच्या मर्जीवर राहिलें. येथें आमच्या सुशिक्षित भगिनींनींहि आपली वही उघडावी. स्वतःच्या वेळेची मागणी करणाऱ्या स्त्रीनें दुसरीचा वेळ फुकट धरूं नये.

आतां संकल्पाकडे वळूं. हा शब्द आपण इतका झिजविला आहे कीं त्याचा मूळचा नेमकेपणा विसरलों आहों. घरीं साधी सत्यनारायणाची पूजा असली तरी यजमान हातांत उदक घेऊन संकल्प करतो, तेव्हां काय म्हणतो? आरंभीं स्थळ: भरतखंडांत, गोदावरीच्या दक्षिण तीरीं. मग काळ: शक, संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार, नक्षत्र. मग स्वतःचें गोत्र व नांव. मग करावयाचें कर्म. हें सर्व उच्चारल्यावर तो हातांतील पाणी ताम्हनांत सोडतो. पूजेवर श्रद्धा असो वा नसो, या रचनेंतील शहाणपण घेण्यासारखें आहे. कोठें, केव्हां, कोण व काय, या चार प्रश्नांचीं उत्तरें ज्यांत नाहींत तो संकल्प नव्हे, ती नुसती इच्छा. 'यंदां खूप वाचीन' ही इच्छा; 'दर बुधवारीं सायंकाळीं सात ते नऊ मी गांवच्या ग्रंथालयांत बसून वाचीन' हा संकल्प. आणि पाणी सोडण्याचा दुसरा अर्थ मराठी माणसास सांगणें नलगे. ज्या गोष्टीवर पाणी सोडलें ती गेली. नवें कांहीं धरावयाचें तर जुनें कांहीं सोडावें लागतें. तासांची वही भरलेली असतां त्यांतील एकहि ओळ न खोडतां नवी ओळ कोठें घालणार?

ज्यांनीं खरोखर कांहीं केलें, त्यांचे संकल्प असेच नेमके होते. १८८४ सालीं पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे आजीव सभासद वीस वर्षें अल्प वेतनावर शिकविण्याचें बंधन स्वीकारीत. 'देशास सुशिक्षित करूं' एवढेंच म्हणून ते थांबले नाहींत. संस्था कोणती, मुदत किती, वेतन केवढें, हें सर्व ठरलें होतें. गोपाळ गणेश आगरकर त्याच कामांत असतांना १८९५ सालीं निवर्तले. गोपाळ कृष्ण गोखले आपली सेवा पुरी करून १९०२ सालीं बाहेर पडले. संकल्पास मुदत असली म्हणजे तो संपतो हें खरें, परंतु पुरा होऊन संपतो.

मागें पाहून पुढचें ठरविणें म्हणजे काय, याचें सर्वांत चांगलें उदाहरण महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें आहे. १८९६ सालीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, त्यांनीं विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम काढला. १९०७ सालीं महिलाविद्यालय काढलें, कारण प्रश्न विधवांपुरता नसून सर्व स्त्रियांच्या शिक्षणाचा आहे, हें कामानेंच दाखवून दिलें होतें. १९१५ सालीं त्यांचें 'आत्मवृत्त' प्रसिद्ध झालें, म्हणजे सत्तावन वर्षांचा जमाखर्च त्यांनीं लोकांपुढें ठेवला. त्याच वर्षअखेर मुंबईच्या सामाजिक परिषदेंत त्यांनीं महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं तें विद्यापीठ सुरूहि केलें. १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ काढलें, आणि १९४४ सालीं, शहाऐंशी वर्षांचे असतां, समता संघ. या मालिकेंत एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. प्रत्येक नवें काम जुन्या कामाच्या हिशेबांतून निघालें आहे. काल कोण वगळलें गेलें, हें पाहावयाचें, आणि उद्यांचा आरंभ त्याच्यापासून करावयाचा. मागील बाकी पुढें ओढणें तें हेंच.

परंतु याच उदाहरणास आमची दुसरी कसोटीहि लावली पाहिजे. महर्षींच्या या भरगच्च वर्षांमागें बाया कर्वे यांचे तास किती होते? पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या या विधवेशीं १८९३ सालीं त्यांनीं पुनर्विवाह केला. पतीचें लक्ष व पैसा संस्थेकडे गेला असतां संसार कसा ओढावा लागला, हें बायांनीं 'माझें पुराण' या आपल्या आत्मकथेंत स्पष्टपणें सांगितलें आहे. आणि संस्थेसाठीं वर्गणी गोळा करावयासहि त्या हिंडल्या. यांत महर्षींचें मोठेपण उणें होत नाहीं. परंतु एका वहींतील जमा पुष्कळदां दुसऱ्या वहींतील खर्च असते, हें थोरांच्या बाबतींतहि खरें आहे; मग आपणां सामान्यांनीं तें विसरून कसें चालेल?

तेव्हां आमची सूचना अशी आहे. वर्षारंभीं, मग तो पाडव्याचा असो वा जानेवारीचा, घरांतील सर्व मंडळींनीं एक सायंकाळ एकत्र बसावें. प्रथम गेल्या वर्षांतील एका साधारण आठवड्याचे १६८ तास प्रत्येकानें कागदावर उतरावे. आजीनें, नातवानें, सुनेनें, सर्वांनीं. दुसरें, हे कागद शेजारीं शेजारीं ठेवून कोणाची शिल्लक कोणाच्या तासांवर उभी आहे, हें उघड वाचावें. तिसरें, प्रत्येकानें एका गोष्टीवर पाणी सोडावें. चौथें, पहिला संकल्प परतफेडीचा करावा: आठवड्यांतील अमुक दोन सायंकाळचा स्वयंपाक मुलगा करील, रविवारीं कामाच्या बाईस पगारी सुट्टी राहील, बुधवारच्या सायंकाळीं आईस कोणीहि हांक मारणार नाहीं. पांचवें, त्यानंतरच आपल्या उन्नतीचा किंवा लोकसेवेचा एक संकल्प, फक्त एक, स्थळ, काळ, नांव व कर्म यांसह लिहावा. आणि सहावें, दर महिन्याच्या अखेरीस दहा मिनिटें वही पाहावी. चुकलें असेल तेथें पश्चात्तापाचीं भाषणें न करतां पुढच्या महिन्याची ओळ सुधारावी.

ज्याच्या हातीं तास उरतच नाहींत त्यास हा उपदेश काय कामाचा, असा प्रश्न येईल, व तो रास्त आहे. सालगड्यास दैनंदिनी लिहावयास सांगणें ही थट्टा होय. आमचें सांगणें त्यास नाहीं. ज्यांस सवड आहे त्यांस आहे. ज्यांच्यापाशीं शिल्लक आहे त्यांनीं ती कोठून आली हें पाहावें, आणि ज्यांच्यापाशीं नाहीं त्यांस ती मिळावी म्हणून आपल्या वर्षाचे कांहीं तास खर्चावे: एखाद्या वस्तीवरील रात्रशाळेंत, ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणासाठीं, किंवा दुसऱ्या कोणत्याहि नेमक्या कामांत. उलट दुसरा कोणी म्हणेल कीं, उद्यांचें कोणी पाहिलें आहे. वर्षाचे बेत करणारे आपण कोण? त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, उद्यां आपल्या हातीं नाहीं हें खरें असेल, परंतु काल कोणाच्या श्रमावर गेला हें पाहणें पूर्णपणें आपल्या हातीं आहे.

हेतुपूर्ण आयुष्य म्हणजे असामान्य आयुष्य नव्हे. आपला वेळ किती, त्यांतील उसना किती आणि उरलेला कोणाच्या उपयोगीं लावावयाचा, हें ज्यास ठाऊक आहे त्याचें वर्ष हेतुपूर्ण झालें असें आम्ही समजतों. पुढील वर्षअखेर प्रत्येक घरांत ही वही पुन्हां उघडली जावी, आणि निदान एका स्त्रीच्या नांवापुढें गेल्या वर्षापेक्षां शंभर तास अधिक जमा झालेले दिसावे. तेवढें झालें तर संकल्प टिकला असें म्हणण्यास आमची हरकत नाहीं.